आई या वयात शांत होती, मग मीच का नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ४७, घर इंदूरच्या सुदामानगरात, खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. मिस्टर १९९९ पासून राज्य सरकारच्या नोकरीत. मुलगी पुण्याला नोकरी करते आणि लग्नाचा विषय काढू देत नाही. मुलगा अकरावीत, सकाळी शाळा, दुपारी कोचिंग. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आणि यंदापासून महालक्ष्म्या तुमच्याकडे सोपवल्या. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गाडी स्टँडवर लावून तुम्ही पाच-दहा मिनिटं तशाच बसून राहता, आत जावंसं वाटत नाही. तुमच्या आईचं मात्र सगळं मार्गी लागलेलं होतं: वडील वीज मंडळात, आजी तुम्ही दहावीत असतानाच गेलेल्या. शेवटी तुम्ही विचारलंय, "आईपेक्षा माझ्याकडे सगळंच जास्त आहे. मग हे मिडलाइफ क्रायसिस आहे, की मी कृतघ्न आहे?"

बहुधा दोन्ही नाही. बहुधा म्हणते, कारण काही गोष्टी तपासल्याशिवाय मला, किंवा कुणालाच, छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट शरीर. माझ्याकडे समुपदेशनाला या वयाची बाई आली की तिची हकीकत अर्धी ऐकून झाल्यावर मी विचारते, रक्त शेवटचं कधी तपासलं होतंत? हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं फार सर्रास आहे, आणि त्याचा थकवा हुबेहूब उदासीसारखा दिसतो. शिवाय भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या पुढेमागे. त्याच्या आधीची काही वर्षं झोप तुटणं, अंगातून वाफा निघणं, कारण नसताना डोळे भरून येणं हे सगळं चालतं. तेव्हा आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि लॅब.

दुसरी गोष्ट नैराश्य. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत असेल, तर ते पिढीबिढीच्या चर्चेचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. मरणाचे विचार येत असतील तर वाट बघू नका, टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मानसोपचार म्हटलं की जुन्या इंदूरकराला अजून बाणगंगेचं मनोरुग्णालयच आठवतं, म्हणून लोक दोन-दोन वर्षं ढकलतात. तुम्ही लिहिलंत त्यावरून मला तसं दिसत नाही. कामावर जाता, सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर मराठी नाटकाला जाता आणि तिथे हसताही. फक्त घराच्या दारात पाय जड होतो. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

आता 'मिडलाइफ क्रायसिस'बद्दल, म्हणजे मध्यमवयातल्या मानसिक संकटाबद्दल. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकानं १९६५ मध्ये हा शब्द रूढ केला. त्याच्यासमोर होते मोझार्ट, राफाएल यांच्यासारखे कलावंत, आणि पस्तिशीनंतर अचानक जाणवणारा मृत्यू. उदाहरणं जवळजवळ सगळी पुरुषांची. पुढे अमेरिकेत मोठ्या पाहणीत लोकांना विचारलं गेलं, तेव्हा साधारण चौथ्या हिश्श्यानं आपल्याला असा क्रायसिस आल्याचं सांगितलं, आणि त्यातल्याही पुष्कळांनी जे सांगितलं ते घटस्फोट, गेलेली नोकरी, आजारपण, आई-वडिलांचा मृत्यू असलं होतं. म्हणजे घटना होत्या, नुसतं वय नव्हतं. तेव्हा ४७ पूर्ण झाले आणि मनात काहीतरी बिघडलं, असं काही नसतं.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. तुम्ही स्वतःला १९९९ सालच्या आईशेजारी उभं करताय. मग ते साल नीट बघूया.

तुम्ही १९७८ च्या, आई १९५२ च्या. आई ४७ ची होती तेव्हा तुमची आजी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आजारी माणसाचं करणं, औषधांच्या वेळा, रात्री उठणं, हे आईचं चाळिशीच्या सुरुवातीलाच संपलं. तुमचं आता सुरू होतंय. यात कुणाचा गुण-दोष नाही. १९७०-७५ च्या सुमारास भारतात जन्मवेळचं सरासरी आयुर्मान ५० च्या आत होतं, आज ते ७० च्या घरात आहे. (त्या जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, म्हणून 'तेव्हा माणसं पन्नाशीत जायची' असा अर्थ काढू नका. पण ऐंशी ओलांडलेली सासू घरोघरी नव्हती, एवढं खरं.) दुसरं, १९७१ मध्ये बाईमागे सरासरी ५.२ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २ वर आला. आजीचं करायला तुमच्या आईबरोबर काकू होत्या, आत्या होत्या, अधूनमधून येऊन राहणारी आतेबहीण होती. तुमच्या सासूबाईंचं करायला तुम्ही आहात आणि फार तर दिवसाची एक बाई.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि त्यावर फार कमी लोक बोलतात. वडील वीज मंडळात होते, म्हणजे निवृत्तीनंतर दरमहा पेन्शन ठरलेली. आईच्या शांतपणाखाली ही पेन्शन होती. तुमच्या घरात हे अर्धंच आहे. मिस्टर १९९९ चे म्हणून जुन्या पेन्शनमध्ये बसले. मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही. तुम्ही खासगीत, तुम्हाला भविष्यनिर्वाह निधी आणि त्याची ती छोटी पेन्शन. १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेवर ती मोजली तर ३५ वर्षं भरूनही महिना साडेसात-आठ हजारांच्या वर जात नाही. तुम्ही रोज दुसऱ्यांचे ताळेबंद बघता, हा हिशोब तुमच्या डोक्यात कुठेतरी चालूच असणार. त्याला उगाच 'मनाची अस्वस्थता' म्हणू नये.

आणि चौथं. १९९९ मध्ये तुम्ही २१ वर्षांच्या होतात. एकविसाव्या वर्षी मुलगी आईकडे कितीसं बघते? कॉलेज, मैत्रिणी, पुढे आपलं काय होणार याची धाकधूक. आई म्हणजे घरात असलेली, वेळेवर चहा देणारी. ती शांत होती ही साक्ष त्या मुलीची आहे. माझ्याकडे येणाऱ्यांची आई हयात असेल तर मी त्यांना हमखास एक काम देते: आईला जाऊन विचारा, 'तू माझ्या वयाची होतीस तेव्हा तुला काय हवं होतं?' एकीची आई आधी म्हणाली, काही नाही गं, तुमचं सगळं नीट व्हावं एवढंच. मग चार दिवसांनी स्वतः फोन करून तिनं सांगितलं की एम.ए. प्रायव्हेटचा फॉर्म आणून भरला होता, फोटोसुद्धा चिकटवला होता, पण त्याच महिन्यात मुलाची बारावी आली आणि फॉर्म ट्रंकेत साड्यांखाली राहिला. अजून आहे म्हणाली. मुलीला याचा पत्ता नव्हता. प्रत्येक आईच्या ट्रंकेत फॉर्म असतोच असं नाही. काही आया खरोखर समाधानी होत्या. पण विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तुमच्या आई आज ७३ च्या आहेत, देवासला आहेत. विचारून बघा.

आता समाजाच्या अपेक्षांकडे येते. बर्निस न्यूगार्टन या शिकागोच्या अभ्यासिकेनं १९६० च्या दशकात दाखवलं की लग्न कधी व्हावं, नोकरीत कधी स्थिरावावं, आजी-आजोबा कधी व्हावं याची 'योग्य वयं' लोक बऱ्यापैकी एकमतानं सांगतात, आणि आपण वेळेवर आहोत की मागे पडलो हे त्यावरून स्वतःच ठरवतात. याला त्यांनी सामाजिक घड्याळ म्हटलं. आपल्याकडे ते घड्याळ लोकांच्या तोंडी असतं. हळदीकुंकवाला वाण हातात देता देता कुणीतरी म्हणतं, "मुलीचं बघायला सुरुवात केलीत की नाही?"

गंमत अशी की हे घड्याळ प्रत्येक पिढीबरोबर सरकतं, आणि एकाच घरात दोन-तीन घड्याळं चालू असतात. दोन सख्ख्या बहिणी मला आठवतात, वयात तेरा वर्षांचं अंतर (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत). थोरलीचं लग्न एकविसाव्या वर्षी कांदेपोहे होऊन झालं, ४६ व्या वर्षी ती आजी. धाकटी शिकली, नोकरीला लागली, तिशीनंतर लग्न, ४६ व्या वर्षी तिचा मुलगा आठवीत. आईबाप तेच, रामबागेतला वाडा तोच. थोरलीला त्या वयात वाटलं की आता आपलं सगळं संपलं, कुणाला आपली गरज नाही. धाकटीला वाटतं, आपलं काही सुरूच झालं नाही आणि सगळ्यांना आपलीच गरज आहे. वय एकच, दुःख उलट. म्हणून कुणी 'चाळिशीत असं होतंच' म्हणालं की मी विचारते, कुठल्या सालची चाळिशी?

पुरुषांचंही तसंच आहे, फक्त ते थेट माझ्याकडे येत नाहीत, आधी ईसीजी काढून येतात. इंदूरच्या मिल बंद पडल्या त्या काळात ज्यांचे वडील कामगार होते ती मुलं आता त्याच वयाची झालीत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली, आणि तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचे वडील अशाच एका मिलमधून ४५ व्या वर्षी घरी बसले. मुलगा पीथमपूरला औषध कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, नोकरीला धक्का नाही. पण पंचेचाळिसावं लागलं आणि पहाटे तीनला जाग यायला लागली. उठून ते बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघायचे. वडिलांचं साल आणि स्वतःचं साल आम्ही कागदावर शेजारी-शेजारी लिहिलं, कर्ज किती, कमावते किती, शिक्षण काय, हे मांडलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की भीती वडिलांच्या सालातली आहे. जाग लगेच थांबली नाही. ॲप उघडणं थांबलं.

तुम्ही बातम्यांत वाचलं असेल की माणूस चाळिशीच्या मध्यावर सगळ्यात दुःखी असतो. २००८ मध्ये ब्लँचफ्लावर आणि ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांच्या पाहण्या एकत्र करून तसा खोलगट आलेख दाखवला होता. अभ्यास वजनदार आहे, पण एक अडचण उरतेच. २०२५ मध्ये जी बाई ४७ ची आहे ती १९७८ मध्ये जन्मलेलीही आहे. तिची उदासी वयाची की तिच्या पिढीची, हे वेगळं काढणं भल्याभल्यांना जड जातं. अलीकडे ब्लँचफ्लावर यांनाच बऱ्याच देशांत तरुण जास्त खचलेले आढळू लागलेत, म्हणजे तो आलेखही कायमचा नव्हता.

'आम्ही आई-वडिलांचंही ऐकलं आणि आता मुलांचंही ऐकतो' हा मजकूर फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला फिरतो. तुमच्या प्रश्नातही तो सूर आहे. अर्धा खरा आहे. अर्धा अशासाठी की तुमच्या सासूबाईही हेच म्हणतील. तुमच्या पिढीचं खरं वेगळेपण मला असं दिसतं, की तुमच्याकडून परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी मागितल्या जातात. मुलांनी पुण्याला, बंगळुरूला, बाहेर जायला हवं, नाही गेली तर 'इंदूरातच राहिला का?' आणि म्हाताऱ्यांजवळ घरचं माणूस हवं, नसलं तर 'बघा, एकटे टाकून गेले.' बाईनं कमवायला हवं आणि नैवेद्यही साग्रसंगीत हवा. मुलांना मराठी यायलाच हवं, पण कोचिंग बुडता कामा नये. यातली कुठलीही एक मागणी वाईट नाही. सगळ्या एकाच बाईकडे आल्यात, एवढंच.

म्हणून मी एक तक्ता करायला सांगते. वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात, मी काय करायलाच हवं असं मला वाटतं. दुसऱ्यात, हे नक्की कोण म्हणतं, आणि इथे 'लोक' लिहायचं नाही, नाव लिहायचं. तिसऱ्यात, नाही केलं तर कुणाचं काय बिघडतं. दोन-तीन आठवडे जसं सुचेल तसं भरत जा.

तुमच्यासारखीच एक होती, तिच्याकडेही महालक्ष्म्या आल्या होत्या. तिनं पहिल्या रकान्यात लिहिलं, सोळा भाज्या. दुसऱ्यात, सासूबाई. मी म्हटलं, त्यांना विचारलंत? विचारायचं काय त्यात, त्यांच्या घरचं तसंच आहे. तरी एका दुपारी शेंगा सोलता सोलता तिनं विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई सातच करायच्या. सोळा मी सुरू केल्या. तेव्हा आम्ही तिघी जावा होतो घरात, आणि वन्सं मागच्या गल्लीत." मग थोडं थांबून, "तू सगळ्या मिळून एकच भाजी कर की. चिरून दे, परतते मी." ऐकून ही सून माझ्याकडे आली ती रडतच. सुटका झाल्याचं रडू नव्हतं ते. इतकी वर्षं मी हे न विचारता का धाकात राहिले, याचा राग होता. तो राग यायचाच, आणि त्यालाही दोन-तीन भेटी लागल्या. पण बघा, ज्या अपेक्षेला ती कुळाचार समजत होती ती एका पिढीची, तीन जावांच्या ताकदीवर उभी राहिलेली सोय होती.

सगळ्याच सासूबाई 'परतते मी' म्हणत नाहीत. काही म्हणतात, सोळाच हव्यात. तरी मग निदान कळतं की मागणी खरी आहे आणि मागणाऱ्याशी बोलता येतं. जिथे बोलणंच शक्य नाही, घरात धाक आहे, हात उगारला जातो, तिथे हा तक्ता उपयोगाचा नाही, तिथे आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं.

मुलीच्या लग्नाची ओळ तुमच्या वहीत येईलच. दुसऱ्या रकान्यात कोण, ते बघा. तुम्ही स्वतः असाल, तर एकदा मुलीला तसं स्पष्ट सांगा: मला काळजी वाटते, माझ्या वेळी बावीसला झालं होतं म्हणून वाटते. 'लोक काय म्हणतील'पेक्षा मुलं हे जास्त ऐकून घेतात. आणि हळदीकुंकवातल्या काकू असतील, तर त्यांना 'ती बघेल तिचं, तुम्ही तिळगूळ घ्या' एवढं पुरतं.

गाडीवर बसण्याचं. दिवसभरात ती दहा मिनिटं अशी आहेत की तुम्ही कुणाच्या सूनबाई नाही, आई नाही, मॅडम नाही. मी ती बंद करायला सांगणार नाही, उलट अर्धा तास करा म्हणेन, आणि गेटबाहेर चोरून नको. घरात सांगून, कॉलनीच्या बागेत, फोन न घेता. काहीही 'साधायचं' नाही त्या वेळात.

मिस्टरांशी बोलायचं ते 'मला बरं वाटत नाही' असं नको, त्यावर ते डॉक्टरांचा नंबर देतील. ठोस दोन गोष्टी घेऊन बसा. एक, सासूबाईंच्या रात्रीच्या औषधांची आणि महिन्याच्या तपासणीची जबाबदारी त्यांची, सुटीच्या दिवशी दुपारचं त्यांच्याजवळ बसणंही त्यांचंच. दुसरी, पैशाचा कागद. २०१८ पासून राज्य कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ६२ आहे, म्हणजे तोवर त्यांचा पगार धरता येईल. तुमच्या नावावर वेगळं काय साठतंय, त्यांच्यामागे कुटुंबपेन्शन किती मिळेल, वारसनोंदी सगळीकडे आहेत का, हे एका पानावर लिहा. माझा अनुभव असा की या पानानंतर पुष्कळ जोडप्यांत मनाचं बोलणं आपोआप सुरू होतं. आधी मनाचं बोला म्हटलं तर होत नाही.

हे करूनही दोन-तीन महिन्यांत फरक वाटला नाही, तर समुपदेशकाकडे जा, आणि मराठी समजणारी व्यक्ती मुद्दाम शोधा. इंदूरातल्या आपल्या बायका ऑफिसचं सगळं हिंदीत सांगतात आणि सासूबाईंपाशी आल्या की नकळत मराठीत शिरतात. समोरच्याला दुसरा भाग कळत नसेल तर निम्मं बोलणं वाया जातं. पहिल्या भेटीला रक्ताचे रिपोर्ट आणि ती वही दोन्ही घेऊन जा. तक्ता अर्धवट भरलेला असला तरी चालेल.